वावरातला डीव्हीआर घरून कसा बघायचा? पोर्ट फॉरवर्डिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वी, मोर्शी, वरुड या पट्ट्यात मी कॅमेरे, त्यांचं चित्र साठवणारे डबे (डीव्हीआर), राउटर आणि नेटवर्कची कामं करतो. मृग बहाराचा माल रंगावर आला की फोन सुरू होतात: "भाऊ, वावरात डीव्हीआर लावला, सिमचा राउटर लावला, घरी आलो तर काहीच उघडत नाही." कापसाचा हंगाम लागला की हाच प्रश्न हिंगणघाटकडच्या जिनिंगमधून येतो, तिथे डीव्हीआरऐवजी हिशेबाचा कॉम्प्युटर असतो. फोनवर समजावताना काहीतरी सुटतंच, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. आदेश मी बोलतो तसे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे नेमकं काय?

कापसाची गाडी मार्केट यार्डाच्या फाटकावर आली की तिथला माणूस विचारतो, कोणाच्या अडतीवर? गाळा नंबर सांगितला की गाडी आत, नाही सांगितला तर गाडी रस्त्यावर उभी. राउटर म्हणजे तो फाटकावरचा माणूस. बाहेरच्या जगाला फक्त फाटकाचा पत्ता माहीत असतो. आतल्या यंत्रांचे पत्ते खासगी असतात, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारे, आणि तेच पत्ते लाखो घरांत जसेच्या तसे वापरात असतात. बाहेरून त्यांच्यापर्यंत थेट पोचता येत नाही.

पोर्ट म्हणजे गाळा नंबर. एका पत्त्यावर ० ते ६५५३५ असे नंबर असतात. वेब पान ८० वर, सुरक्षित वेब पान ४४३ वर, एसएसएच (दुरून दुसऱ्या यंत्राशी सुरक्षित जोडणारं साधन) २२ वर, विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर, कॅमेऱ्याचा व्हिडिओ बहुधा ५५४ वर.

आतून बाहेर गेलेल्या गाडीची राउटर नोंद ठेवतो, त्यामुळे तिचा परतीचा माल विनाअडथळा आत येतो. न बोलावता आलेल्या गाडीची नोंद नसते, ती फाटकावरच अडते. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे फाटकावर देऊन ठेवलेली कायमची सूचना: कोणी ८०८१ नंबर विचारत आलं तर त्याला १९२.१६८.१.६४ या डीव्हीआरच्या ८० नंबरवर पाठव. ही नोंदीची गोष्ट लक्षात असू द्या, पुढचा सगळा उपाय तिच्यावरच उभा आहे.

राउटरमध्ये सगळं बरोबर भरलं, तरी बाहेरून उघडत नाही. का?

दहा फोनांपैकी निम्म्याहून जास्त याच प्रश्नाचे असतात आणि माणसं यात विनाकारण पैसे घालवतात. वरुडजवळच्या एका संत्रा बागेत मी गेलो तेव्हा त्या काकांचे दोन राउटर बदलून झाले होते. मदत केंद्रावर फोन केला की तिकडून एकच उत्तर यायचं, राउटर जुना आहे. मी धुऱ्यावर बसून फोनवर राउटरचं पान उघडलं, स्टेटसमध्ये गेलो आणि वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, वाचला: १०० ने सुरू होणारा, दुसरा आकडा ८१. राउटरमध्ये काहीच दोष नव्हता. त्या राउटरच्या पुढे आणखी एक फाटक होतं, आणि ते नेट देणाऱ्या कंपनीच्या ताब्यात होतं.

झालं असं की जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. जगभरात वाटायचा त्यांचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. मग कंपन्यांनी एकेका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवायला सुरुवात केली. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते वेगळे राखून ठेवले गेले. मोबाइल सिमवर चालणाऱ्या राउटरला जवळजवळ नेहमी असाच पत्ता मिळतो. तुम्ही तुमच्या फाटकावर कितीही सूचना देऊन ठेवा, गाडी पुढच्या मोठ्या फाटकावरूनच परत जाते.

तपासायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी कागदावर लिहा. मग त्याच राउटरच्या वायफायवरून, माझा आयपी कोणता असं सांगणारं कुठलंही संकेतस्थळ उघडा. दोन्ही आकडे सारखे असतील तर पत्ता तुमचा आहे, पोर्ट फॉरवर्डिंग चालेल. वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १०० (दुसरा आकडा ६४ ते १२७), १०, १९२.१६८ किंवा १७२ (दुसरा आकडा १६ ते ३१) असा दिसला, तर थांबा. राउटर बदलू नका.

फायबरवाल्यांकडे एक वेगळीच भानगड होते. कंपनीने बसवलेला डबा हाही राउटरच असतो, आणि लोक त्याच्यामागे आपला आणखी एक राउटर जोडतात. मग दोन्ही फाटकांवर सूचना द्यावी लागते, नाहीतर पुढचा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्यावा लागतो, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती जोडणी पुढे देतो.

स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा न बदलणारा पत्ता, घेतला तर काम होईल का?

फायबरवर मिळत असेल तर होईल, त्याचे पैसे वेगळे लागतात. साध्या प्रीपेड सिमवर तो मिळत नाही. डायनॅमिक डीएनएसबद्दलही विचारतात. बदलणाऱ्या पत्त्याला एक कायमचं नाव द्यायचं काम तो चोख करतो, पण तो पत्ता मुळात सार्वजनिक हवा. सीजीनॅटच्या मागे त्याचा काही उपयोग नाही.

माझा पत्ता सार्वजनिक निघाला. मग डीव्हीआरचा पोर्ट सरळ उघडून देऊ?

नका देऊ. मी स्वतः हे काम आता घेत नाही, ग्राहक परत गेला तरी चालेल.

२०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की एका चांगल्या जोडणीवरून एकटा कॉम्प्युटर पाऊण तासात आयपीव्ही४ चे सगळे सार्वजनिक पत्ते एका पोर्टसाठी ठोठावून येऊ शकतो. आपलं गाव नकाशावर शोधावं लागतं म्हणून आपल्याला कोणी शोधणार नाही, हा भ्रम आहे. तिथे गाव नसतं, नुसते आकडे असतात. २०१६ चा मिराय हा किडा, म्हणजे यंत्रायंत्रांत आपोआप पसरणारा प्रोग्राम, तर कॅमेरे आणि डीव्हीआर यांच्यावरच जगला. कंपनीने दिलेले, कोणी न बदललेले साठेक पासवर्ड तो एकामागून एक लावून बघायचा. त्या ऑक्टोबरमध्ये अशाच यंत्रांच्या फौजेने संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत कितीतरी मोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली.

जवळचं सांगतो. एका जिनिंगच्या ऑफिसात मालकाच्या मुलाने नागपूरहून हिशेब बघता यावा म्हणून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबर सरळ उघडून ठेवला होता. मी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. कॉम्प्युटर रांगतोय म्हणाले, म्हणून विंडोजची सुरक्षा नोंद उघडली. ४६२५ क्रमांकाची नोंद, म्हणजे चुकलेला पासवर्ड, पानामागून पान भरून होती. दर दोन-तीन सेकंदांनी एक. रात्री सगळे झोपलेले असतानाही कोणीतरी कडी हलवून बघत होतं. पासवर्ड बऱ्यापैकी लांब होता म्हणून त्या वर्षीचा कापसाचा हिशेब वाचला. मी पोर्ट बंद केला आणि त्याच दिवशी टनेल लावून दिलं.

टनेल म्हणजे काय, आणि सीजीनॅटच्या मागूनही ते कसं चालतं?

आतून बाहेर जाणाऱ्या गाडीला कोणी अडवत नाही, हे वर आलंच. मग वावरातल्या यंत्रानेच बाहेर पडून आपल्यापर्यंत वाट काढून ठेवायची आणि ती सोडायची नाही. एसएसएच हे साधन तेच करतं. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये ते तयार झालं, आणि आज वापरात असलेलं ओपनएसएसएच १९९९ पासून फुकट मिळतं. त्यातून जाणारं सगळं कुलूपबंद असतं, मधल्या कोणाला वाचता येत नाही.

तीन यंत्रं लागतात. वावरात, डीव्हीआरच्या शेजारी, रास्पबेरी पायसारखा एक छोटा बोर्ड. मध्ये, सार्वजनिक पत्ता असलेला भाड्याचा छोटा सर्व्हर. एकाच सर्व्हरवर दहा-पंधरा बागा सहज बसतात, त्यामुळे भावकीने मिळून घेतला तरी चालतो. आणि घरी तुमचा कॉम्प्युटर. वावरातल्या बोर्डवर हा आदेश द्यायचा:

एसएसएच -एन -आर ८०८१:१९२.१६८.१.६४:८० बाग@सर्व्हरचा-पत्ता

यातला एन आणि आर दोन्ही मोठ्या लिपीतले. आर म्हणजे उलटी वाट: सर्व्हरच्या ८०८१ वर जे येईल ते माझ्याकडे पाठव, मी ते डीव्हीआरच्या ८० वर देतो. एन म्हणजे फक्त वाट दे, सर्व्हरवर दुसरं काही चालवायचं नाही. आता घरच्या कॉम्प्युटरवर:

एसएसएच -एन -एल ९००१:१२७.०.०.१:८०८१ घर@सर्व्हरचा-पत्ता

एलही मोठ्या लिपीतला. दोन्ही आदेश चालू असताना घरच्या ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:९००१ उघडा. वावरातल्या डीव्हीआरचं पान समोर येतं. फाटकावर एकही सूचना दिली नाही आणि बाहेरच्या जगासाठी डीव्हीआरचं एकही दार उघडं नाही, कारण मूळ सेटिंगमध्ये सर्व्हर तो ८०८१ फक्त स्वतःच्या आतल्या १२७.०.०.१ वर ठेवतो. गेटवेपोर्ट्स नावाचं सेटिंग चालू केलं की तो सगळ्यांना दिसतो. इंटरनेटवरच्या बऱ्याच सूचनांमध्ये ते चालू करायला सांगतात. करू नका. ते केलं की पुन्हा डीव्हीआर चव्हाट्यावर.

जिनिंगच्या हिशेबाचंही असंच. फक्त बोर्डवरच्या आदेशात डीव्हीआरच्या पत्त्याच्या जागी त्या कॉम्प्युटरचा पत्ता आणि ८० च्या जागी ३३८९.

मधला पत्ता कोणाच्या नजरेने लिहायचा?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एल वापरताना मधला पत्ता सर्व्हरच्या नजरेने वाचला जातो. १२७.०.०.१ म्हणजे "मी स्वतः". घरच्या आदेशात तो लिहिला की त्याचा अर्थ तुमचा कॉम्प्युटर असा होत नाही, सर्व्हर स्वतः असा होतो. आर वापरताना उलट, तिथे मधला पत्ता बोर्डाच्या नजरेने. मोर्शीच्या एका मुलाने बोर्डवर डीव्हीआरच्या पत्त्याऐवजी १२७.०.०.१ लिहिलं होतं. बोर्ड आपल्याच ८० नंबरवर डीव्हीआर शोधत बसला, तिथे कोणी नव्हतंच. दोन दिवस त्या मुलाने केबल बदलून बघितल्या.

डीव्हीआरचा पत्ता बदलणार नाही याचीही सोय करा. राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे आतल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या, पानावर तो पत्ता त्या यंत्राच्या नावे राखून ठेवता येतो.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" येतं, कधी नुसतं फिरत राहतं. फरक काय?

रिफ्यूज्ड आलं तर आनंद माना. तुमचा निरोप त्या यंत्रापर्यंत पोचला आहे, फक्त त्या नंबरवर कोणी ऐकत नाही. पोर्ट नंबर चुकला, डीव्हीआरची वेब सेवा बंद आहे, नाहीतर वावरातलं टनेल पडलं आहे. नुसतं फिरत राहून टाइम आउट झालं तर निरोप वाटेतच गिळला गेला: मध्ये फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारा पहारा) आहे, पत्ता चुकला आहे किंवा यंत्राला लाइनच नाही.

"ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" म्हणजे त्या नंबरवर आधीच कोणीतरी बसलं आहे, बहुतेक तुमचंच जुनं टनेल. आणि लिनक्सवर, म्हणजे बोर्ड आणि सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतात तिच्यावर, १०२४ च्या खालचे नंबर साध्या वापरकर्त्याला घेता येत नाहीत, म्हणून मी ८०८१, ९००१ असेच घेतो.

लाइन गेली की टनेल तुटतं. परत आपोआप कसं जोडायचं?

आपल्याकडे याचं उत्तर नीट दिलं नाही तर बाकी सगळं फुकट. मोटारीची लाइन आज दिवसा, तर पुढच्या आठवड्यात रात्री. मे महिन्यात ४५ अंशांवर पेटीतला राउटर स्वतःच बंद पडतो. शिवाय काही वेळ काही आलं-गेलं नाही की मोबाइल कंपनी आपली नोंद पुसून टाकते आणि दोन्ही टोकांना पत्ताही लागत नाही.

बोर्डवरच्या एसएसएचच्या सेटिंगमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३० आणि सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स ३ ठेवा. दर ३० सेकंदांनी तो सर्व्हरला हाक मारतो. तीनदा उत्तर नाही आलं की टनेल मेलं असं समजून स्वतः बाहेर पडतो. एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर येस करा, नाहीतर पोर्ट मिळाला नाही तरी आदेश चालू दिसतो आणि तुम्ही फसता. मग हा आदेश सिस्टिमडीची (लिनक्समध्ये कामं आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) सेवा म्हणून लावा, रीस्टार्ट ऑलवेज, मध्ये ३० सेकंदांची उसंत. लाइन आली, बोर्ड उठला, की कोणी हात न लावता वाट पुन्हा तयार. सर्व्हरच्या बाजूलाही क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ठेवा, म्हणजे मेलेलं जुनं टनेल नंबर अडवून बसणार नाही.

विजेचं म्हणाल तर बॅटरीच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट ८ ॲम्पिअर-तासाची बॅटरी असते. राउटर आणि बोर्ड मिळून १०-१२ वॅट खातात, म्हणजे कागदावर आठ-नऊ तास आणि प्रत्यक्षात सहा-सात तास निघतात. बोर्डला ५ व्होल्टच लागतात, मध्ये कन्व्हर्टर हवाच. थेट १२ व्होल्ट जोडून जळालेले दोन बोर्ड माझ्याकडे आले आहेत. लाइन अचानक गेली की एसडी कार्डही खराब होतं, म्हणून चालू कार्डाची एक प्रत घरी ठेवा.

बोर्ड चोरीला गेला तर?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि सगळ्यांनी विचारायला हवा. वावरात केबल आणि स्टार्टर चोरीला जातात तिथे बोर्ड काय राहतो! त्या बोर्डवर सर्व्हरची चावी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी फाइल, असते, कारण रात्री तीन वाजता पासवर्ड टाकायला तिथे कोणी बसलेलं नसतं.

म्हणून प्रत्येक बोर्डाची चावी वेगळी, आणि ती चावी एकाच कामाची. सर्व्हरवरच्या अधिकृत चाव्यांच्या फाइलमध्ये त्या चावीच्या ओळीच्या सुरुवातीला रिस्ट्रिक्ट, मग पोर्ट-फॉरवर्डिंग, मग परमिटलिसन आणि त्यात फक्त ८०८१ असं लिहायचं. परमिटलिसन २०१८ पासूनच्या ओपनएसएसएचमध्ये आहे. त्या वापरकर्त्याला शेलही (आदेश टाइप करायची सोय) देऊ नका. मग चोराच्या हाती चावी लागली तरी त्याला सर्व्हरवर आदेश चालवता येत नाही. बोर्ड गेल्याचं कळताच ती एक ओळ पुसा आणि चालू असलेली जोडणी तोडा. ओळ पुसली म्हणून आधीच जोडलेलं टनेल आपोआप तुटत नाही, हे विसरू नका. सर्व्हरवर पासवर्डने प्रवेश पूर्ण बंद ठेवा.

घरी विंडोज आहे, आणि बाबांकडे फक्त मोबाइल. जमेल का?

विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएसएच आतच आहे, कमांड प्रॉम्प्टमध्ये वरचाच आदेश द्या. पुट्टी हा एसएसएचचा प्रोग्राम वापरत असाल तर कनेक्शन, एसएसएच, टनेल्स या पानावर तीच माहिती भरा. अँड्रॉइडवर टर्मक्स या ॲपमध्ये चालतं. वडीलधाऱ्यांसाठी मात्र मी पुढच्या प्रश्नातला वायरगार्ड लावून देतो, एक बटण दाबलं की झालं.

वायरगार्ड चांगला की एसएसएच?

एकच डीव्हीआर बघायचा असेल तर एसएसएच पुरे. तीन वावरं, घर, जिनिंग, सगळं जोडायचं असेल तर वायरगार्ड, तो सगळी यंत्रं एकाच खासगी जाळ्यात आणतो. २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि सहसा ५१८२० या पोर्टवर चालतो, यूडीपी या पद्धतीने. सीजीनॅटमागच्या टोकाला परसिस्टंटकीपअलाइव्ह २५ ठेवावं लागतं, कारण तेच, नोंद पुसली जाऊ नये. मधला सार्वजनिक सर्व्हर मात्र इथेही लागतो.

चित्र येतं पण अडखळतं, आणि पॅकही संपतो.

सब स्ट्रीम, म्हणजे कॅमेऱ्याचं हलकं, कमी दर्जाचं चित्र, निवडा. ५१२ केबीपीएसचं चित्र तासाला सुमारे २३० एमबी खातं, ४ एमबीपीएसचं मुख्य चित्र तासाला १.८ जीबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर हिशेब तुम्हीच करा. आणि टीसीपी, यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन पद्धतींपैकी एसएसएच फक्त टीसीपी नेतं, म्हणून व्हिडिओच्या ॲपमध्ये आरटीएसपी ओव्हर टीसीपी (व्हिडिओ टीसीपीवरून) चालू करा. नाहीतर लॉगिन होतं आणि पडदा काळाच राहतो.

शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवर असंच टनेल लावू का? फायरवॉलला कळणारही नाही.

नाही. तंत्राने जमतं म्हणून ते आपलं होत नाही. तिथली फायरवॉल कोणीतरी जबाबदारीने लावली आहे आणि आत दुसऱ्यांची खाती, मुलांची माहिती आहे. परवानगीशिवाय असा शिरकाव माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतो. संस्थेचं लेखी पत्र असेल तर मी आनंदाने लावून देतो, आणि कोणती वाट कुठे जाते त्याचा कागद त्यांच्या फाइलला जोडतो.

वावरात तपासलं तेव्हा चाललं, पुण्याहून मुलीला दिसत नाही.

वावरातल्याच वायफायवर तपासलं असणार. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून पुन्हा बघा.

तुम्हाला बोलवायचं तर काय तयार ठेवू?

राउटरच्या स्टेटस पानाचा फोटो, राउटरखालच्या चिठ्ठीचा फोटो, डीव्हीआरचा मॉडेल नंबर आणि त्याचा पासवर्ड. पासवर्ड बसवणाऱ्याकडेच राहिला असेल तर आधी त्याच्याकडून घ्या, नाहीतर डीव्हीआर पूर्ण पुसावा लागतो आणि अर्धा दिवस त्यातच जातो. पेटी खांबावर असेल तर शिडी ठेवा. आणि त्या आठवड्यात लाइन दिवसा आहे की रात्री ते सांगा, मी त्या वेळेला येतो.